कॉलेजचा व्हिडिओ प्रोजेक्ट नोकरीच्या कामी कसा येतो? पत्रकारितेचा पोर्टफोलिओ असा तयार करा

परीक्षा संपल्या की पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांची धावपळ सुरू होते. बायोडेटा तयार करायचा, सीनियरला मेसेज टाकायचा, चॅनेलच्या किंवा वेबसाइटच्या माणसाचा मेल आयडी मिळवायचा. मेल गेला आणि नशिबाने उत्तर आलंच, तर ते एका ओळीचं असतं. तुमच्या कामाच्या लिंक पाठवा.

इथे गाडी अडते. कारण प्रोजेक्ट तर ढीगभर केलेले असतात. एक कॉलेजच्या गॅदरिंगवरचा, एक प्लास्टिक बंदीवरचा, एक 'आजची तरुणाई आणि सोशल मीडिया' या विषयावरचा. सगळे पेनड्राइव्हमध्ये भरून सरांकडे जमा झालेले. मार्कही चांगले पडलेले. पण अनोळखी संपादकाला पाठवावं असं त्यात एकही सापडत नाही.

मग प्रश्न पडतो. कॉलेजमध्ये केलेलं काम नोकरीसाठी उपयोगी पडावं म्हणून वेगळं काय करायचं? महागडा कॅमेरा घ्यायचा का? एडिटिंगचा कोर्स लावायचा का? की रील्स टाकून फॉलोअर्स वाढवायचे?

या तिन्हींपैकी एकही नसलं तरी चालतं. काय लागतं, ते एक उदाहरण घेऊन सुरुवातीपासून बघू.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय?

बायोडेटामध्ये तुम्ही काय शिकलात ते असतं. पोर्टफोलिओमध्ये तुम्ही काय करू शकता ते दिसतं. फोटोग्राफर, आर्किटेक्ट, डिझायनर यांच्याकडे तो पूर्वीपासून असतो. व्हिडिओ पत्रकाराच्या बाबतीत पोर्टफोलिओ म्हणजे तुम्ही केलेल्या तीन ते पाच बातम्या किंवा छोट्या डॉक्युमेंटरी, एका जागी, सहज उघडतील अशा.

आता तो उघडणाऱ्या माणसाचा विचार करा. असाइनमेंट डेस्कवर बसलेल्या संपादकाला उद्या सकाळी कुणाला तरी एकट्याला एखाद्या गावात पाठवायचं असतं. तिथून खरी माहिती येईल का, माणसं त्याच्याशी बोलतील का, आणि त्याच्यामुळे संस्थेवर माफी मागायची वेळ तर येणार नाही ना, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. ड्रोन शॉट आणि जोरदार म्युझिक बघून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून पोर्टफोलिओत दाखवायची मुख्य गोष्ट एकच. तुम्हाला ही माहिती कशी कळली आणि ती खरी आहे हे तुम्ही कसं तपासलं.

विषय कुठून आणायचा?

'प्रदूषण', 'बेरोजगारी', 'महिला सक्षमीकरण' हे विषय प्रोजेक्टच्या यादीत छान दिसतात, पण ते शूट करता येत नाहीत. कॅमेऱ्याला एक जागा लागते, एक माणूस लागतो आणि काहीतरी घडावं लागतं.

समजा, तुम्ही तालुक्याच्या गावी शिकता. रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर शाळा-ज्युनियर कॉलेजच्या मुली ताटकळत बसलेल्या तुम्ही बघता. शाळा पाच वाजता सुटते. गाडीची वेळ साडेपाचची. गाडी कधी सात वाजता लागते, कधी लागतच नाही. मग काही मुली वडापच्या जीपमध्ये कोंबून जातात, काही फाट्यावर उतरून पुढे चालत जातात.

ही बातमी आहे का? आहे. महाराष्ट्रात बारावीपर्यंतच्या मुलींना गाव ते शाळा एसटीचा पास मोफत मिळतो. अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ही योजना आहे. म्हणजे प्रवास फुकट आहे, पण गाडी नाही. कागदावरची सवलत आणि स्टँडवरची संध्याकाळ यांच्यात जे अंतर आहे, तीच तुमची बातमी.

विषय निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. तिथे मी परत परत जाऊ शकतो का? याचा थेट त्रास कुणाला होतो, हे मला सांगता येतं का? आणि यावर उत्तर देण्याची जबाबदारी कुणाची आहे, त्या माणसापर्यंत मी पोहोचू शकतो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर विषय कितीही छोटा वाटला तरी घ्या. मुंबईहून येणाऱ्या रिपोर्टरला त्या स्टँडवर एक दिवस मिळेल. तुमच्याकडे अख्खं सेमिस्टर आहे.

याचं मोठं उदाहरण उत्तर प्रदेशात आहे. 'खबर लहरिया' २००२ साली बुंदेलखंडातल्या चित्रकूटमध्ये छापील पत्र म्हणून सुरू झालं. चालवणाऱ्या ग्रामीण भागातल्या बायका, त्यातल्या अनेक दलित. पुढे त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि आज त्या व्हिडिओ बातम्या करतात. त्यांचे विषय रस्ता, पाणी, रेशन, पोलीस ठाणं असे रोजचेच. त्यांच्यावर बनलेल्या 'रायटिंग विथ फायर' या डॉक्युमेंटरीला २०२२ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं.

कॅमेरा काढण्याआधी काय करायचं?

पहिले पाच दिवस फोन खिशात ठेवा आणि वही काढा.

रोज संध्याकाळी स्टँडवर बसून चार रकाने भरा. गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, थांबलेल्या मुलींची संख्या, आणि गाडी आली नाही तर कंट्रोल केबिनमधून काय सांगितलं गेलं. वेळापत्रकाच्या बोर्डाचा फोटो काढा. 'गाडी नेहमी उशिरा येते' हे कुणीही म्हणतं. 'बारा दिवसांपैकी सात दिवस गाडी एक तासाहून जास्त उशिरा आली आणि दोन दिवस आलीच नाही' असं म्हणण्यासाठी कुणीतरी बारा दिवस बसावं लागतं. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून येतील.

दुसरं काम माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ च्या कायद्याने कोणताही भारतीय नागरिक माहिती मागू शकतो, विद्यार्थीसुद्धा. फी १० रुपये. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे. म्हणून मोजकं मागा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या गावासाठी ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द झालेल्या किती, आणि रद्द करण्याची नोंदवलेली कारणं कोणती, हे तारखेनुसार द्या.

'गाडी का येत नाही?' असा प्रश्न अर्जात विचारू नका. या कायद्याने नोंद असलेली माहिती मिळते, मत किंवा खुलासा नाही. आणि अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. अनेक विद्यार्थी तो शेवटी टाकतात आणि उत्तर येतं तेव्हा सबमिशन होऊन गेलेलं असतं.

समोरच्या बाजूचं काय?

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त कमतरता याच गोष्टीची असते. मुलींचे बाईट असतात, पालकांचे असतात, आणि शेवटी 'प्रशासन कधी जागं होणार?' असा सवाल करून व्हिडिओ संपतो. प्रशासनाला कुणी विचारलेलंच नसतं.

आगार व्यवस्थापकांना लेखी प्रश्न द्या, भेटीची वेळ मागा, पोच घ्या. त्यांनी नकार दिला तर नकाराची तारीख टिपून ठेवा. बोलले तर नीट ऐका. गाड्या कमी आहेत, चालक नाहीत, रस्ता खराब आहे, भारमान परवडत नाही, अशी कारणं येऊ शकतात. त्यातलं काही खरंही असेल.

भारमान म्हणजे गाडी किती भरून धावते त्याचं प्रमाण. इथे पुढचा प्रश्न तयार असायला हवा. मोफत पासवर जाणाऱ्या मुली या भारमानात धरल्या जातात का? कशा? आणि ही फेरी रद्द करताना त्यांचा विचार झाला होता का? असा प्रश्न विचारताना तुम्ही कॅमेऱ्यात ऐकू आलात, तर तुम्ही तयारी करून गेला होता हे संपादकाला वेगळं सांगावं लागत नाही.

चालक-वाहकांशीही बोला, पण जपून. माध्यमांशी बोलल्याबद्दल कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ शकते. नाव न देण्याच्या अटीवर कुणी बोललं, तर चेहऱ्याबरोबर छातीवरचा बिल्ला आणि मागे दिसणारा गाडीचा नंबरही झाका.

फोनवर शूट केलं तर चालतं का?

चालतं. हल्लीच्या साध्या फोनमध्येही १०८०पी दर्जाचा व्हिडिओ मिळतो आणि बातमीला तेवढा पुरतो. मात्र काही गोष्टी पाळा.

• आवाज आधी सांभाळा. थोडं हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतात, न ऐकू येणारा बाईट नाही. स्टँडवर हॉर्न आणि भोंगे असतात, म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक वापरा. तो नसेल तर दुसऱ्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर लावून तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा.

• मुलाखत संपली की त्याच जागी ३० सेकंद कुणीही न बोलता नुसता आजूबाजूचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यं जोडताना तो लागतो.

• प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद न हलता धरा. फोन फिरवत राहिलात तर एडिटिंगला काहीच हाती लागत नाही.

• एखादी कृती टिपताना पाच शॉट घ्या. हातांचा जवळून, चेहऱ्याचा जवळून, दोन्ही एकत्र दिसतील असा लांबून, त्या व्यक्तीच्या खांद्यावरून, आणि एक वेगळ्या कोनातून. व्हिडिओ पत्रकारांना शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी ही सगळ्यात सोपी आहे.

• भारतात वीज ५० हर्ट्झची असते. त्यामुळे ट्यूबलाइटखाली शूट करताना चित्रात पट्टे फडफडताना दिसू शकतात. फोनमध्ये सोय असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा.

• रेकॉर्डिंगच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर ऐन बाईटमध्ये आईचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं.

• त्याच रात्री मूळ फाइल्स दुसरीकडे कॉपी करा. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन. सेटिंगनुसार १०८०पी व्हिडिओला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात, त्या हिशोबाने जागा ठेवा.

आणखी एक. 'तू जरा परत चालत ये, शॉट नीट नाही आला' असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. गाडी वेळेवर आली त्या दिवशी तीही दाखवा. घडलेलं टिपायचं, घडवायचं नाही. बाकी कुठलाही नियम विसरलात तरी हा विसरू नका.

मुलींचे चेहरे दाखवायचे का?

या बातमीतला सगळ्यात अवघड निर्णय हाच आहे.

समजा, अकरावीतली एक मुलगी कॅमेऱ्यासमोर सांगते की, फाट्यावरून घरी जाताना अंधार होतो, रस्त्यात काही मुलं त्रास देतात, आणि घरी कळलं तर शिक्षण बंद होईल. व्हिडिओ म्हणून हा बाईट जबरदस्त आहे. तुमच्या पोर्टफोलिओचं पहिलं मिनिट तयार. पण तो अपलोड झाला की दोन गोष्टी होऊ शकतात. घरी कळतं आणि तिचं कॉलेज बंद होतं. किंवा कोणती मुलगी, कोणत्या रस्त्याने, किती वाजता एकटी जाते ही माहिती सगळ्या तालुक्याला मिळते.

तुम्हाला मार्क मिळतील, कदाचित नोकरी मिळेल, तुम्ही पुण्या-मुंबईला निघून जाल. ती त्याच रस्त्याने रोज चालत जाणार आहे.

म्हणून संमती म्हणजे कागदावरची सही, एवढंच समजू नका. व्हिडिओ कुठे दिसणार, तो कोण कोण बघू शकतं, एकदा पसरला की परत घेता येत नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगा. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांशीही बोला, शाळेत किंवा शाळेच्या आवारात शूट करायचं असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. पण पालकांशी बोलल्यामुळेच मुलगी अडचणीत येणार असेल, तर तो बाईट घेऊच नका. तीच माहिती चेहरा आणि नाव न घेता, तुमच्या आवाजात, अनेक मुलींचा अनुभव म्हणून सांगता येते. पाठमोरे शॉट, दप्तरं, पायांचे शॉट वापरता येतात. कोणता रस्ता, कोणता फाटा ते दिसू देऊ नका.

चेहरा ब्लर केला म्हणजे झालं, असंही नाही. गावात माणूस आवाजावरून, चालीवरून, ओढणीवरून ओळखू येतो. ब्लर केलेला व्हिडिओ त्याच गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवून विचारा, 'ही कोण ते कळतंय का?'

काही बाबतीत कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही. लैंगिक गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. शाळा, घर, गल्ली, नातेवाईक, ज्यातून ती कळू शकते ते सगळंच. विद्यार्थी असलात तरी सूट नाही.

आपण दाखवतो ते माणसांना पटतं का?

पुन्हा 'खबर लहरिया'कडे येऊ. 'रायटिंग विथ फायर'चं जगभर कौतुक होत असताना, २०२२ च्या ऑस्कर सोहळ्याच्या काही दिवस आधी, खुद्द 'खबर लहरिया'ने जाहीर निवेदन काढलं. फिल्म प्रभावी आहे हे त्यांनी मान्य केलं, पण आम्ही जणू एकाच पक्षावर बातम्या करतो असं जे चित्र उभं राहतं ते बरोबर नाही, असं सांगितलं. म्हणजे ज्या पत्रकारांवर फिल्म होती, त्यांनाच आपलं काम त्यात अर्धवट दिसलं.

विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यायचं? एडिटिंग टेबलवर आपण जे काढून टाकतो, त्यातूनही अर्थ बदलतो. शेवटचा कट करण्याआधी प्रत्येक बाईट मूळ रेकॉर्डिंगशी ताडून बघा. वाक्य मध्येच तोडल्याने त्याचा अर्थ फिरतोय का? प्रश्न एक होता आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लागलंय का? नावं, हुद्दे, तारखा, आकडे संबंधितांकडून पुन्हा तपासून घ्या. कापायचं काय आणि ठेवायचं काय, हा निर्णय तुमचा. चूक दुरुस्त करून घेणं हे मात्र तुमचं कर्तव्य.

सबटायटल देताना बोली पुसून टाकू नका. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की तो माणूस खोटा वाटायला लागतो. ऑटोमॅटिक कॅप्शन मराठीत भलत्याच चुका करतात, त्यामुळे प्रत्येक ओळ वाचा. एआयने बनवलेली दृश्यं बातमीत वापरू नका. आवाजासाठी किंवा भाषांतरासाठी एआयची मदत घेतली असेल तर तसं लिहा.

गाण्यांचंही असंच. सिनेमाचं गाणं पार्श्वभूमीला लावलं की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो आणि ऐन मुलाखतीच्या दिवशी व्हिडिओ दिसेनासा होतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरता येणारं संगीत आहे. खरं तर एसटी स्टँडच्या आवाजापुढे म्युझिकची गरजच पडत नाही.

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर माझं काम कोणतं?

पाच जणांच्या ग्रुपमध्ये पाचही जण तोच व्हिडिओ 'माझं काम' म्हणून पाठवतात. क्षेत्र लहान आहे. एकाच डेस्कवर दोघांचे मेल येऊ शकतात.

त्यामुळे सुरुवातीलाच कामं लिहून वाटा आणि शेवटी श्रेयनामावलीत ती तशीच द्या. संशोधन अमुकचं, कॅमेरा तमुकचा, मुलाखती, एडिटिंग, सबटायटल. पोर्टफोलिओत स्पष्ट लिहा, 'या रिपोर्टमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज आणि मुलाखती माझ्या, कॅमेरा आणि एडिटिंग सहकाऱ्यांचं.' असं लिहिल्याने तुम्ही लहान होत नाही. उलट, नेमकं कोणतं काम द्यायचं ते समोरच्याला कळतं.

इंटर्नशिपमध्ये केलेल्या कामाचे हक्क सहसा त्या संस्थेकडे असतात. ते स्वतःच्या चॅनेलवर परत अपलोड करण्याऐवजी प्रसिद्ध झालेल्या बातमीची लिंक द्या. कॉलेजचं साहित्य वापरलं असेल तर कॉलेजच्या अटी काय आहेत तेही विचारून घ्या.

पोर्टफोलिओच्या पानावर काय असावं?

वेबसाइट बनवायलाच हवी असं नाही. फुकट साइटवरचं एक पान किंवा एका पानाची पीडीएफ पुरते. त्यात एवढं असू द्या.

• दोन-तीन ओळींत ओळख. नाव, शहर, कोणकोणत्या भाषा आणि बोली येतात, काय काय स्वतः करता येतं. अहिराणी किंवा गोंडी येत असेल तर ते जरूर लिहा. ती खरी जमेची बाजू आहे.

• तीन ते पाच व्हिडिओ. सगळ्यात चांगला सगळ्यात वर. सहावा 'बरा' व्हिडिओ टाकलात तर पहिले पाचही फिके पडतात.

• प्रत्येक व्हिडिओखाली चार ओळी. बातमी काय, माझी भूमिका काय, माहिती कशी तपासली, आणि प्रसिद्ध झाल्यावर काय झालं. एसटीच्या रिपोर्टखाली असं येईल. 'बारा दिवसांच्या नोंदी, माहिती अधिकारातून मिळालेली रद्द फेऱ्यांची यादी, अकरा मुलाखती, आगार व्यवस्थापकांचं उत्तर.' ही ओळ व्हिडिओइतकीच महत्त्वाची आहे.

• वेगवेगळ्या प्रकारचं काम. एक तीन-चार मिनिटांची सविस्तर बातमी, एक उभ्या फ्रेममधला दीड मिनिटाचा व्हिडिओ, एक व्यक्तिचित्र, आणि जमल्यास एक ताजी घटना त्याच दिवशी केलेली. अनेक ठिकाणी आडवं आणि उभं, दोन्ही करता येणारा माणूस हवा असतो.

• चूक झाली असेल तर दुरुस्तीची नोंद. 'आधीच्या आवृत्तीत गावाचं अंतर चुकलं होतं, दुरुस्त केलं आहे' ही ओळ लपवू नका.

पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडून बघा. ड्राइव्हवरच्या फाइलला परवानगी मागावी लागली तर बहुतेक जण ती मागत बसत नाहीत. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलेला व्हिडिओ हा सोपा मार्ग. आणि पहिल्या वीस सेकंदांत कॉलेजचा लोगो, मार्गदर्शकांची नावं आणि उगवता सूर्य येत असेल, तर पोर्टफोलिओसाठी वेगळी प्रत काढा. ती थेट स्टँडवर सुरू होऊ द्या.

व्ह्यूज नाहीत, मग?

नसू देत. लाखभर व्ह्यूजची रील बघून तुम्हाला लोकांचं लक्ष वेधता येतं हे कळतं. तेही कौशल्यच आहे आणि असेल तर सांगा. पण चारशे व्ह्यूजचा, नीट तपासलेला रिपोर्ट दाखवून तुम्ही 'हे तुम्हाला कसं कळलं?' या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटं देऊ शकता. मुलाखतीत हा प्रश्न येतोच.

काम कॉलेजबाहेर प्रसिद्ध झालं तर आणखी चांगलं. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया म्हणजे 'पारी'वर विद्यार्थ्यांच्या कामासाठी 'पारी एज्युकेशन' हा विभाग आहे, आणि 'पारी'वर मराठीतही मजकूर येतो. जिल्हा पातळीवरची दैनिकं आणि त्यांची डिजिटल पानंही स्थानिक व्हिडिओंच्या शोधात असतात. तिथे संपादक तुमच्या कामावर प्रश्न काढतो, दुरुस्त्या सांगतो. प्रोजेक्टचं रूपांतर पत्रकारितेत होतं ते बहुधा याच टप्प्यावर.

प्रोजेक्ट संपला, पुढे काय?

गोव्यातून काम करणारी 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' ही संस्था गावोगावच्या लोकांना स्वतःच्या प्रश्नांवर व्हिडिओ करायला शिकवते. त्यांची एक पद्धत घेण्यासारखी आहे. प्रश्न दाखवणारा एक व्हिडिओ, आणि तो सुटला की काय बदललं हे दाखवणारा दुसरा.

तुमच्याही बाबतीत हे करता येईल. रिपोर्ट त्या गावात जाऊन दाखवा. आगारात लिंक द्या. तीन महिन्यांनी, मार्क लागल्यानंतर, पुन्हा स्टँडवर जा. साडेपाचची गाडी येते का? त्या मुली आहेत का? त्यातली एखादी दिसत नसेल तर ती कुठे गेली?

गाडी सुरू झाली असेल तर दीड मिनिटाचा पाठपुरावा करा. झाली नसेल तर तेही सांगा, तारखेसह. हे काम सेमिस्टरच्या कुठल्याच मार्कांत धरलं जात नाही. पोर्टफोलिओत मात्र हा व्हिडिओ पहिल्या रिपोर्टच्या अगदी खाली ठेवा. तुम्ही परत गेला होता, हे त्यातून दिसतं.